‘झालं’ कोणी म्हणायचं

आमच्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडायची ती एका शब्दावर. तो शब्द ‘झालं’, आणि तो म्हणायचा हक्क फक्त माझ्या सासऱ्यांचा. पॉलिश मी केलेलं असो, नवऱ्यानं केलेलं असो की त्यांनी स्वतः, शेवटी शटर खाली ओढायचं, भिंतीवरच्या सगळ्या ट्यूबलाइट बंद करायच्या आणि हातदिवा त्यांच्या हातात द्यायचा. मग ते गाडीभोवती हळूहळू फिरायचे. दिवा तिरका धरून त्याचं प्रतिबिंब रंगात कसं पडतंय ते बघायचे. ओरखडे शिल्लक असले की प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. ओरखडे गेले पण पॉलिशनं स्वतःच्याच खुणा मागे सोडल्या, की दिव्याभोवती धूर साठल्यासारखा दिसतो. दोन्ही नसलं की दिवा नुसता दिव्यासारखा दिसतो. तसा दिसला की सासरे ‘झालं’ म्हणायचे, ट्यूबलाइट लागायच्या आणि मालकाला फोन जायचा.

लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा थाट वाटला होता. गाडी पुसायला एवढं काय, असं मी नवऱ्याला म्हटलंही होतं. त्यावर तो म्हणाला, बाबांसमोर हे ‘पुसायला’ तेवढं म्हणू नकोस. मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं. सासऱ्यांनी माझ्या हातात एक चिंधी दिली, एक मोडीत काढलेला दरवाजा पुढे ठेवला आणि म्हणाले, पूस. मी पुसला. मग त्यांनी दिवा धरला आणि माझ्या चिंधीनं पाडलेले ओरखडे मला एकेक करून दाखवले. त्या दिवसापासून मी गॅरेजमध्येच आहे. तसंही घरी सासूबाईंचं आणि माझं एकमेकींवाचून काही अडत नव्हतं.

सासऱ्यांचं खरं कसब घासण्यात नव्हतं, निवडण्यात होतं. फळीवर बाटल्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. अगदी उजवीकडे जाड कंपाउंड, बोटांत चोळलं तर दाणा लागेल असं. डावीकडे जाऊ तसा दाणा बारीक होत जायचा, आणि शेवटची बाटली इतक्या बारीक पॉलिशची की ते बोटांना साईसारखं लागायचं. खालच्या फळीवर मशीनला लावायचे पॅडही तसेच, उजवीकडे लोकरीचे आणि डावीकडे मऊ फोमचे. गाडी आली की पत्र्यावर टेपनं तळहाताएवढा चौकोन आखायचा आणि त्यात सगळ्यात बारीक पॉलिश, सगळ्यात मऊ पॅड लावून बघायचं. तेवढ्यानं भागलं तर दुसऱ्या बाटलीला हात लावायचा नाही. नाही भागलं तर एक बाटली उजवीकडे सरकायचं. एकच. घाईनं दोन सरकलेलं त्यांना चालायचं नाही. नवरा सरकायचा, आणि बोलणी खायचा.

याचं कारण त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. रंगावर एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. आपण ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा थर खाली आणतो. लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे काहीतरी लावणं. ते म्हणतात, चांगलं सढळ हातानं लावा. सासरे म्हणायचे, आपण लावत काहीच नाही, आपण फक्त काढतो, आणि काढलेलं परत येत नाही. म्हणून लागेल तेवढंच घ्यायचं.

बाटल्या विकायला एकजण यायचा, त्याला आम्ही बाटलीवाला म्हणायचो. त्यानं एकदा एक नवीन पॉलिश आणलं, एका हातात आरसा करून देतो म्हणाला. केलाही. सासऱ्यांनी शांतपणे स्पिरिटचा फडका घेतला आणि जागा पुसली. पॉलिशमधलं तेल निघून गेलं आणि त्याखाली दडलेले ओरखडे होते तिथे हजर झाले. तोंडाला पावडर फासून आणलीस, सासरे म्हणाले, तोंड धुतलं की आपलेच नाकडोळे. बाटलीवाला नंतर बरेच दिवस फिरकला नाही.

तोच बाटलीवाला पुढे दर आठवड्याला यायला लागला, आणि सासरे त्याच्याकडून जे असेल ते ठेवून घ्यायला लागले.

सुरुवात एका पांढऱ्या गाडीपासून झाली. साधं काम होतं. सासऱ्यांनी चौकोन आखला, बारीक पॉलिश मारलं, दिवा धरला आणि म्हणाले, धूर आहे. एक बाटली उजवीकडे सरकले. धूर आहे. आणखी एक सरकले. मी मान वाकडी करून करून बघितलं, मला धूर दिसेना. मी तोंड मिटून बसणारी बाई नाही, पण त्या दिव्यासमोर त्यांच्या नजरेपुढे बोलायची पद्धतच आमच्यात नव्हती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

मग दोष देणं सुरू झालं. आधी पॉलिशचा माल खराब आला. मग पॅड खराब. मग मी फडके कसल्या तरी भलत्याच साबणात धुते म्हणून त्यांचा तेलकटपणा राहतो. ट्यूबलाइट बदलल्या, हातदिवा बदलला. बाटलीवाल्याची चंगळ झाली. फळी भरली, सगळ्यात खाली आणखी एक ठोकली, आणि माझा जेवणाचा डबा ठेवायची जागा गेली. तरी धूर हटेना. एकेक गाडी ‘झालं’ची वाट बघत गॅरेजमध्ये अडून बसायला लागली. शेवटी ते कंटाळून, कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, जाऊ दे, द्या. ‘द्या’ म्हणजे ‘झालं’ नव्हे, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

घरी वेगळीच तऱ्हा चालली होती. सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे ठेवला की सासरे तो उजेडात धरायचे आणि परत धुवायला पाठवायचे. इतकी वर्षं माझ्या हातचा पेला चालला, आताच डाग दिसायला लागले, म्हणत सासूबाई भांड्यांवर राग काढायच्या. स्वयंपाकघरातल्या दिव्याभोवती कडं दिसतं म्हणून सासऱ्यांनी दिवा बदलला. नव्या दिव्यालाही कडं होतं. तेव्हा ते दुकानदाराशी भांडून आले.

एकदा सासूबाई आणि मी ओट्याशी उभ्या राहून भांडी पुसत होतो. मी गॅरेजमधल्या धुराचं सांगत होते, त्या दिव्याच्या कड्याचं. बोलता बोलता दोघी एकदमच थांबलो. सासूबाईंच्या भावाला असंच झालं होतं. मोतीबिंदू, त्या हळूच म्हणाल्या, जणू शेजारी ऐकतील.

सांगायचं कोणी, यावर आमच्या तिघांची बैठक बसली आणि प्रत्येकानं हात झटकले. नवरा म्हणाला, तुझं ऐकतात ते, तू सांग. मी म्हटलं, वडील तुझे आहेत. सासूबाईंनी एकदा डोळे तपासून घ्यायचं नुसतं सुचवून पाहिलं होतं. त्यावर ते म्हणाले होते, माझे डोळे? या डोळ्यांवर घर चाललंय. आणि ताटावरून उठून गेले होते. दुखण्याला ते घाबरत नव्हते. गुडघ्याच्या दुखण्याचं ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. पण ‘झालं’ म्हणणारा माणूस हीच त्यांची ओळख होती, आणि ती गेली तर मागे उरतो तो गॅरेजमधला एक म्हातारा. ते आम्हाला कळत होतं म्हणून आम्ही कानाडोळा करत राहिलो.

त्या पहिल्या पांढऱ्या गाडीचा मालक गाडी न्यायला आला होता तेव्हा सासरे चहाला गेले होते. मी थराची जाडी मोजायचं मीटर बॉनेटवर टेकवून बघितलं. चुकलं असेल म्हणून परत टेकवलं, आकडा तोच. दोन-तीन वेळा काम होऊन जितका थर जायला हवा, तितका एकाच वेळी गेला होता. मालक मात्र गाडीवरून हात फिरवत होता आणि म्हणत होता, मिस्त्रींच्या हाताला तोड नाही.

पांढऱ्या गाडीवर सगळं खपून जातं. पाठोपाठ एक लाल आली, तिच्यावरही खपलं. मग काळी आली.

काळी म्हणजे दातांच्या डॉक्टरची गाडी. आमच्याकडे माणसं गाडीच्या रंगानं ओळखली जातात, पण या बाई इतक्या वर्षांपासून येत होत्या की त्यांना डॉक्टर म्हणायचा मान मिळाला होता. गाडी जुनी, सासऱ्यांनीच पूर्वी दोनदा पॉलिश करून दिलेली. बाईंनी ती प्रवासात कुठेतरी फिरत्या ब्रशच्या यंत्रात धुतली होती आणि सगळ्या अंगावर जाळी पडली होती. काळा रंग काहीच लपवत नाही. सासऱ्यांनी मीटर लावायला सांगितलं. मी आकडे वाचत गेले. बॉनेट पातळ होतं. डाव्या हेडलाइटच्या वर, कडेला, तर जेमतेम.

सासऱ्यांनी डॉक्टरांसमोरच सांगितलं की हिला फक्त बारीक पॉलिश चालेल, कंपाउंड हिच्या आसपाससुद्धा फिरकू द्यायचं नाही. थोडी जाळी राहील, ती राहू द्यायची. डॉक्टर हसून म्हणाल्या, मिस्त्री, तुमचा आणि माझा धंदा एकच. दातावरचं कवच एकदा घासून गेलं की परत येत नाही, हे मी दिवसभर लोकांना सांगत असते.

काम सासऱ्यांनी स्वतः केलं. त्यांचा हात कमी झाला नव्हता, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. मशीन त्यांच्या हातात वजन नसल्यासारखं फिरायचं. कडेशी आलं की वेग आपोआप मंदावायचा, पॅड कधी गरम व्हायचा नाही. बॉनेट असं उतरलं होतं की मी काम सोडून बघत उभी राहिले. आम्ही शटर ओढलं, लाइट घालवले. काळ्या पत्र्यात दिवा दिव्यासारखा दिसत होता.

सासरे म्हणाले, धूर आहे.

त्यांनी परत एकदा बारीक पॉलिशचा हात मारला. स्पिरिटनं पुसलं. दिवा धरला. धूर आहे. पॅड बदलला. धूर आहेच. मग दिवा खाली ठेवून ते म्हणाले, जाड कंपाउंड आण. मधली बाटली नाही, एकदम उजवीकडची. जन्मभर एक-एक बाटली सरकणारा माणूस एका दमात फळीच्या टोकाला गेला होता.

मी त्यांना त्यांच्याच शब्दांची आठवण करून दिली. डॉक्टरांना काय सांगितलं होतंत, मी म्हटलं. त्यावर त्यांचा आवाज चढला. धूर ठेवून गाडी द्यायची? हे गॅरेज आहे की धुण्याचं दुकान? मला त्यांचा राग आला नाही. मला भीती वाटली. तो दाणा त्या पत्र्यावर फिरला असता तर डाव्या कडेला खालचा रंग उघडा पडला असता, आणि काळ्या गाडीवर तो कोणालाही दिसला असता. त्यांनाही, आज ना उद्या.

मी बाटली आणायला मागच्या खोलीत गेले. तिथे जाड कंपाउंडची एक रिकामी बाटली होती. मी तिच्यात बारीक पॉलिश ओतायला लागले. तोंड अरुंद होतं, अर्धं बाहेर सांडत होतं. नवरा ठोकपीट सोडून दारात येऊन उभा राहिला. त्यानं एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग खुंटीवरचं नरसाळं काढलं आणि बाटलीच्या तोंडाशी धरलं. आमच्या संसारात त्यानं इतक्या चटकन काही ओळखल्याचं मला आठवत नाही.

सासऱ्यांनी लोकरीच्या पॅडवर चार थेंब टाकले, पॅड बॉनेटच्या मधोमध टेकवला आणि मशीन सुरू केलं. एक हात नेला, एक परत आणला. मशीन बंद केलं. जाड कंपाउंड पहिल्या हाताला खसखसतं आणि पांढरी धूळ उडवतं. इथे आवाज नव्हता, धूळ नव्हती. त्यांनी पॅडवरचं बोटाला घेतलं, अंगठ्याशी चोळलं आणि चोळत राहिले.

“हे कंपाउंड नाही,” ते म्हणाले.

मी बाटलीचं झाकण लावलं.

“बाटलीत काय भरलंस?”

“बारीक पॉलिश.”

“मला फसवायला?”

“गाडी वाचवायला.”

नवरा मागे येऊन उभा राहिला होता. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं तर तो नरसाळं हातात घेऊन जमिनीकडे बघत होता.

“धूर आहे की नाही?” त्यांनी मला विचारलं.

“नाही बाबा.”

“मला दिसतोय.”

“तुम्हाला दिसतोय. गाडीवर नाही.”

आता आकाशपाताळ एक होणार असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले. बराच वेळ बोटं एकमेकांवर चोळत राहिले, जणू त्या पॉलिशमध्ये अजून कुठेतरी दाणा सापडेल. मग त्यांनी टेपचं रीळ ओढलं. एक तुकडा फाडला, चष्मा काढला आणि तो डाव्या काचेवर नीट, कडेला कड जुळवून चिकटवला. पत्र्यावर चौकोन आखायचे तसाच.

त्यांनी चष्मा घातला आणि दिवा धरून बॉनेटकडे पाहिलं. टेप काढून उजव्या काचेवर लावला. परत पाहिलं. मान हलली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मग त्यांनी एक गोष्ट केली जी आम्हा तिघांपैकी कोणालाच आजवर सुचली नव्हती. दिवा गाडीवरून उचलला, स्वतःच्या चेहऱ्यासमोर हातभर लांब धरला आणि मध्ये कुठलाही रंग, कुठलाही थर नसताना सरळ दिव्याकडे पाहिलं.

“दिव्यालाच आहे,” ते म्हणाले.

त्यांनी टेप काढला, जमिनीला चिकटू नये म्हणून नेहमीसारखा स्वतःवरच दुमडला आणि खिशात टाकला.

“पांढरी कितीवर आली?” त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. “आणि लाल?” तोही सांगितला. ते माझ्याकडे बघत राहिले. मी मागाहून मोजत होते, हे त्यांना तेव्हा कळलं. नवरा मध्येच म्हणाला, बाबा, ते दोघंही खूश आहेत. सासरे म्हणाले, त्यांना माहीत नाही म्हणून खूश आहेत. डोळ्यांचं काय, डोळ्यांवर इलाज आहे. त्या गाड्यांवरचं आता कोण परत लावणार?

मला रडू येत होतं आणि गॅरेजमध्ये रडायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी फडके घडी करायला लागले. तेव्हा त्यांनी दिवा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, बघ. मी नवऱ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, त्याला घाई असते, तू बघ. आणि झालं की म्हण.

मी दिवा घेतला. तो हातात घेऊन फिरताना गाडी वेगळी दिसते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला जबाबदारी नसते. मी बॉनेट बघितलं, छत बघितलं, दरवाजे बघितले. मग डाव्या हेडलाइटच्या वर, त्या पातळ कडेशी आले, आणि तिथे धूर होता. खराखुरा. तळहाताएवढा, फिकट, दिवा अगदी आडवा धरला तरच दिसणारा. मला वाटलं, डोळे चोळावेत. चोळले. होताच.

एक हात मारला असता तर गेला असता. त्याच्याबरोबर थरही गेला असता. सासरे स्टुलावर बसून माझ्या पायांचा आवाज ऐकत होते. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनीच ठरवलं असतं आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. सांगायला तोंड उघडलंही होतं.

“झालं,” मी म्हणाले.

ते उठले, भिंतीला हात लावत बटणापर्यंत गेले आणि त्यांनी ट्यूबलाइट लावल्या.

डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. काळा चष्मा लावून ते घरी बसले आणि सासूबाईंच्या नाकी नऊ आले. त्यांना आता सगळंच दिसायला लागलं होतं. कपाटावरची धूळ, छताच्या कोपऱ्यातली जळमटं, नवऱ्यानं दाढी करताना सोडलेले केस. पेल्यांवर खरोखरच डाग निघाले. सासूबाई म्हणाल्या, हे माहीत असतं तर मी डोळ्यांच्या डॉक्टरचं नावच काढलं नसतं. पण त्या दिवशी त्यांनी पेले दोनदा धुतले.

गॅरेजमध्ये परत आले तेव्हा पहिलं काम त्यांनी काय केलं, तर पांढऱ्या गाडीच्या मालकाला बोलावून घेतलं. त्याला स्पष्ट सांगितलं की मी तुमच्या गाडीवरचं गरजेपेक्षा जास्त काढलंय. चूक माझी. आता कोणी कितीही सांगितलं तरी हिला परत पॉलिश करू देऊ नका, धुवायलासुद्धा माझ्याकडेच आणा. त्या माणसाला आधी तो विनय वाटला. कळल्यावर त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मग मान डोलावून गेला. तो अजून येतो. लाल गाडीवाला अद्वातद्वा बोलला आणि परत आला नाही. सासऱ्यांनी ते ऐकून घेतलं. नवरा दोन दिवस धुमसत होता की कोणी विचारलं नव्हतं तर सांगायला गेलात कशाला. मला त्यांचा अभिमान वाटला. त्यांना तसं सांगितलं नाही, कारण आमच्यात तशी पद्धत नाही.

मधल्या काळात ‘झालं’ मी म्हणत होते. ते आले त्या दिवशी मी हातदिवा पुसून परत त्यांच्या खिळ्याला टांगला. त्यांनी पाहिलं आणि तिथेच राहू दिला. गाड्या तयार व्हायच्या, आम्ही शटर ओढायचो आणि दिवा कोणी उचलायचा यावर तिघंही घुटमळायचो. मग ते म्हणायचे, बघून घे तू, मला जरा फोन करायचाय. त्यांना कोणालाही फोन करायचा नसायचा. मी बघायचे, म्हणायचे, पण उसन्या कपड्यात पाहुण्यांसमोर बसल्यासारखं वाटायचं.

अशात एक दिवस डॉक्टर काळी गाडी घेऊन आल्या. काम काही नव्हतं. मिस्त्रींना आता लख्ख दिसतंय असं कळलं, तर म्हटलं दाखवावी, त्या म्हणाल्या. तुमच्या हातचं काम तुम्हीच बघितलं नाहीत.

सासऱ्यांनी शटर ओढलं, लाइट घालवले आणि खिळ्यावरचा दिवा काढला. कितीतरी दिवसांनी तो त्यांच्या हातात होता. ते छतावरून सुरुवात करून दरवाजांवर आले, मग मागून फिरून बॉनेटवर. दिवा चालत चालत डाव्या बाजूला आला आणि थांबला. त्यांनी तो जवळ आणला, लांब नेला, आडवा केला. अंगठा त्या जागेवर ठेवला आणि उचलला.

“काय मिस्त्री, राहिलंय का काही?” डॉक्टरांनी विचारलं.

सासऱ्यांनी मागे न बघता माझ्यापुढे हात केला आणि मीटर मागितलं. मी दिलं. त्यांनी ते त्या कडेला टेकवलं आणि आकडा स्वतः वाचला. मनातल्या मनात वाचला.

“त्या दिवशी दिसला होता तुला?” ते मला म्हणाले.

“दिसला होता.”

“मला सांगितलं नाहीस.”

“‘झालं’ म्हणायला मला सांगितलं होतंत.”

अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पत्र्यात पडलेला दिवा दिसत होता. मग ते डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, इथे थोडा धूर आहे. हिला दिसला होता, हिनं तो मुद्दाम सोडला. काढायला गेली असती तर खालचा रंग वर आला असता. मी असतो तर त्या दिवशी काढला असता. डॉक्टर वाकल्या, डोळे बारीक करून बघितलं, त्यांना काहीच दिसलं नाही. एखादा डाग आम्हीही सोडतो, त्या म्हणाल्या, दात राहायला हवा म्हणून. मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि हसत म्हणाल्या, “म्हणजे गाडी झाली की नाही झाली, ते तरी सांगा.”

सासऱ्यांनी दिवा माझ्यापुढे धरला.

“तिला विचारा,” ते म्हणाले.

नवरा बटणावर हात ठेवून उभा होता. मी दिवा घेतला, त्या कडेशी एकदा आडवा धरला आणि धूर परत एकदा नीट बघून घेतला.

“झालं,” मी म्हणाले.

लाइट लागले. डॉक्टर गाडीत बसल्या, सासरे शटर वर ढकलायला गेले आणि जाता जाता नवऱ्याला म्हणाले, सगळ्यात खालच्या फळीवरच्या बाटल्या काढ, तिच्या डब्याला जागा नाही. दिवा माझ्याच हातात राहिला होता. तो कुठे टांगायचा, हे मला बराच वेळ सुचलं नाही.